ओंडक्यांचे घर

अमेरिकेतील केंटकी राज्यात हॉजनव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या दक्षिणेला सुमारे तीन मैलांवर एका टेकडीवर ग्रॅनाइट आणि संगमरवर यांची एक भव्य वास्तू उभी आहे. समोर रुंद दगडी पायऱ्या, दर्शनी भागात उंच खांब. दुरून पाहणाऱ्याला ते प्राचीन ग्रीक देवालयच वाटावे. पायऱ्यांची संख्या ५६ आहे. मात्र आत मूर्ती नाही. तेथे आहे लाकडी ओंडक्यांची एक बुटकी, खिन्नशी झोपडी. तिला एक दार आहे, एक खिडकी आहे आणि कडेला एक धुराडे आहे. अब्राहम लिंकन यांचा जन्म जेथे झाला त्या घराचे हे स्मारक होय. लिंकन ५६ वर्षे जगले, म्हणून पायऱ्या ५६.

लिंकन यांचे चरित्र सांगताना या झोपडीपासूनच आरंभ करण्याची प्रथा पडली आहे. परंतु झोपडीलाही स्वतःचे एक चरित्र आहे आणि ते लिंकन यांच्या चरित्राइतके सरळ नाही.

लिंकन यांचे वडील थॉमस हे सुतारकाम आणि शेती करणारे गृहस्थ होते. लहानपणीच त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या वडिलांची, म्हणजे अब्राहमच्या आजोबांची, मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात हत्या झाली होती. पोरक्या थॉमसला शिक्षण मिळाले नाही. कशीबशी सही करण्यापलीकडे त्यांची अक्षरओळख गेली नाही. डिसेंबर १८०८ मध्ये त्यांनी २०० डॉलर देऊन सुमारे ३०० एकर जमीन घेतली. जमीन फारशी सुपीक नव्हती. पण तेथे एका खडकाच्या कपारीतून बारमाही गोड्या पाण्याचा झरा वाहत होता. हे पाणी थोडे वाहून पुन्हा जमिनीत गडप होई, म्हणून त्या शेताला ‘सिंकिंग स्प्रिंग’, म्हणजे बुडता झरा, असे नाव पडले होते. झऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या ओंडक्यांच्या घरात १२ फेब्रुवारी १८०९ रोजी थॉमस आणि नॅन्सी यांना मुलगा झाला. आजोबांचेच नाव त्याला ठेवण्यात आले. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी सारा नावाची बहीण घरात होतीच.

त्या काळी नव्याने वस्ती करणाऱ्या लोकांची घरे अशीच असत. जंगल तोडल्याशिवाय शेत मिळत नसे आणि तोडलेल्या झाडांचे काय करायचे, हा प्रश्न घर बांधून सुटे. ओंडक्यांच्या टोकांना कुऱ्हाडीने खाचा पाडायच्या आणि एकाच्या खाचेत दुसरा बसवत चारही भिंती वर न्यायच्या. खिळे फार लागत नसत. ते महागही असत. ओंडक्यांमधील फटी लाकडाच्या ढलप्या आणि चिखल यांनी बुजवायच्या. काच कोठून मिळणार? खिडकीला तेल किंवा चरबी लावलेला कागद अथवा कातडे ताणून बसवायचे. खाली जमीन मातीचीच. जड ओंडके वर चढवायला शेजारीपाजारी येत आणि एका दिवसात भिंती उभ्या राहत. आपल्याकडे शेतकरी एकमेकांच्या शेतात सावड करतात, त्यासारखीच ही रीत होती. अशा घराचे आयुष्य मोठे नसे. कुटुंब पुढे गेले की ते ओस पडे, कोणी त्याचे ओंडके काढून दुसरीकडे वापरी, कोणी जळणाला नेई.

लिंकन कुटुंब येथे जेमतेम दोन वर्षे राहिले. जमिनीच्या मालकीविषयी वाद निघाला आणि १८११ मध्ये त्यांना सुमारे दहा मैलांवरील नॉब क्रीक या ठिकाणी जावे लागले. लिंकन यांना आपल्या बालपणाची जी पहिली आठवण होती, ती या दुसऱ्या घराची होती. दोन टेकड्यांमधील चिंचोळ्या शेतात त्यांनी एकदा मक्याच्या ओळींमधून भोपळ्याच्या बिया टोकल्या. दुसऱ्या दिवशी डोंगरात मोठा पाऊस झाला आणि लोंढ्याबरोबर बिया, मका आणि माती असे सारेच वाहून गेले. ही आठवण त्यांनी मोठेपणी सांगितली आहे.

केंटकीत जमिनीची मोजणी सरकारने पद्धतशीर केलेली नव्हती. अमुक ओकच्या झाडापासून तमुक ओढ्यापर्यंत, तेथून त्या खडकापर्यंत, अशा खुणा कागदावर लिहिल्या जात. झाड पडले की हद्द गेली. एकाच तुकड्यावर दोघा-तिघांचे हक्क निघत आणि ज्याच्याजवळ वकिलाला द्यायला पैसा नाही, तो हरत असे. सात-बाराच्या उताऱ्यावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना थॉमस लिंकन यांची अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. नॉब क्रीकच्या जमिनीवरही दावा लागला. अखेर १८१६ च्या डिसेंबरात कुटुंबाने ओहायो नदी ओलांडली आणि इंडियाना गाठले. तेथील जमीन सरकारने चौकोनी तुकड्यांत मोजून विकायला काढली होती. मालकी निर्वेध होती. शिवाय इंडियानात गुलामगिरीला बंदी होती. वडिलांनी केंटकी सोडले ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या कागदपत्रांच्या घोटाळ्यामुळे, असे लिंकन यांनी पुढे स्पष्ट लिहून ठेवले. वडिलांना गुलामगिरीविरोधी वीर ठरवण्याचा मोह त्यांनी टाळला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इंडियानात पुन्हा घनदाट अरण्य आणि पुन्हा ओंडक्यांचे घर. आठ वर्षेही पूर्ण न झालेल्या अब्राहमच्या हाती कुऱ्हाड आली आणि ती तेविसाव्या वर्षापर्यंत फारशी सुटली नाही. त्याच हिवाळ्यातील एक प्रसंग आहे. वडील बाहेर गेले असताना रानटी टर्की पक्ष्यांचा थवा घराजवळ आला. मुलाने भिंतीच्या फटीतून बंदूक रोखून एक पक्षी मारला. त्यानंतर त्याहून मोठ्या कोणत्याही जनावरावर आपण कधी चाप ओढला नाही, अशी नोंद पुढे लिंकन यांनी केली. पुढील काळात ज्याला लाखोंच्या सैन्यांचे युद्ध चालवावे लागले, त्या माणसाची ही नोंद आहे.

१८१८ च्या ऑक्टोबरात नॅन्सी लिंकन मरण पावल्या. एका विषारी रानवनस्पतीचा पाला गाईंच्या खाण्यात येई, त्यांचे दूध विषारी होई आणि ते पिणारी माणसे दगावत. वस्तीवाले त्याला दुधाचा आजार म्हणत. खरे कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते. थॉमस यांनी घरच्या फळ्यांची शवपेटी केली. तिच्यासाठी लाकडी खुंट्या तासून देण्याचे काम नऊ वर्षांच्या अब्राहमने केले, असे सांगतात. पुढचे वर्ष त्या घराने आईविना काढले. १८१९ च्या डिसेंबरात थॉमस यांनी केंटकीत जाऊन सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवा मातेशी विवाह केला. सावत्र आई म्हटली की आपल्या कथांतून एकच चित्र डोळ्यांपुढे येते. या बाईंनी ते खोटे ठरवले. आल्या आल्या त्यांनी मातीवर लाकडी तक्तपोशी घालून घेतली, दार व्यवस्थित बसवून घेतले, मुलांना अंथरूण-पांघरूण दिले. सामानाबरोबर त्यांनी काही पुस्तकेही आणली होती. स्वतः त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते; पण वाचणाऱ्या मुलाला त्यांनी कामासाठी हटकले नाही. अब्राहमच्या शाळेचे सर्व दिवस एकत्र केले तर एक वर्षही भरत नाही. बाकीचे शिक्षण त्याने या घरात, मागून आणलेल्या पुस्तकांवर केले. बहीण सारा १८२८ मध्ये बाळंतपणात वारली.

१८३० मध्ये कुटुंब इलिनॉय राज्यात गेले. तेथेही अब्राहमने वडिलांना ओंडक्यांचे घर उभारायला आणि कुंपणासाठी लाकडे चिरायला मदत केली. दुसऱ्या वर्षी त्यांनी घर सोडले, ते कायमचे. न्यू सेलम या खेड्यात त्यांनी दुकान काढले. ते बुडाले आणि कर्ज अंगावर आले. हे कर्ज त्यांनी अनेक वर्षे फेडले. ते टपालाचे काम पाहू लागले, जमीन मोजायला शिकले, उसन्या पुस्तकांवरून कायदा शिकले. जमिनीच्या चुकीच्या मोजणीने ज्याचे घर दोनदा उठवले, त्याचा मुलगा मोजणीदार झाला. १८३४ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले, १८३६ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली आणि १८३७ मध्ये ते स्प्रिंगफील्डला राहायला गेले. १८४२ मध्ये त्यांचा मेरी टॉड यांच्याशी विवाह झाला. १८४४ मध्ये त्यांनी घर विकत घेतले. आयुष्यात स्वतःच्या मालकीचे असे हे त्यांचे एकच घर. ते रंधलेल्या फळ्यांचे, खिडक्यांना काचा असलेले, मध्यमवर्गीय वकिलाचे घर होते.

आपल्या गरीब बालपणाविषयी लिंकन फारसे बोलत नसत. वडिलांशी त्यांचे फार जुळले नाही. १८५१ मध्ये थॉमस वारले तेव्हा लिंकन अंत्यविधीला गेले नाहीत. सावत्र आईविषयी मात्र त्यांच्या मनात अखेरपर्यंत माया होती. अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी निघण्यापूर्वी ते मुद्दाम तिला भेटून आले. मागे टाकलेल्या त्या घरांना डोक्यावर घेतले ते इतरांनी.

त्याची सुरुवात तर लिंकन यांच्याही आधी झाली होती. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांची, हा गृहस्थ ओंडक्यांच्या झोपडीतच शोभेल, अशी विरोधकांनी चेष्टा केली. हॅरिसन यांच्या पक्षाने ती चेष्टाच उचलून धरली, मिरवणुकांतून झोपड्यांच्या प्रतिकृती फिरवल्या आणि निवडणूक जिंकली. प्रत्यक्षात हॅरिसन व्हर्जिनियातील एका धनाढ्य जमीनदाराच्या हवेलीत जन्मले होते! तेव्हापासून झोपडीला मतांचे मोल आले. मे १८६० मध्ये डिकेटर येथील पक्षाच्या सभेत लिंकन यांच्या आईचे नातलग जॉन हँक्स हे कुंपणाचे दोन लाकडी दांडे घेऊन आले. हे दांडे लिंकन यांनी चिरलेले आहेत असे त्यावरील फलकावर लिहिले होते. सभागृह दणाणून गेले. हेच ते दांडे, असे छातीठोकपणे सांगायला लिंकन यांनी नकार दिला. मात्र असे दांडे आपण पुष्कळ चिरले आहेत, असे ते म्हणाल्याचे सांगतात. त्याच वर्षी एका चित्रकाराने जन्मस्थळाचे चित्र काढण्यासाठी ठिकाण विचारले. आईवडील हयात नाहीत, स्वतःला आठवत नाही, त्यामुळे नेमकी जागा ओळखण्याचा उपाय आपल्यापाशी नाही, असे लिंकन यांनी त्याला लिहून दिले. नोव्हेंबर १८६० मध्ये ते अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष निवडून आले.

पुढची चार वर्षे जगाला ठाऊक आहेत. दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. युद्ध चालू असतानाच, मे १८६२ मध्ये लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्क घेऊन, निर्वेध मालकीहक्काने देण्याची त्यात तरतूद होती. थॉमस लिंकन यांना जे मिळाले नव्हते तेच ते होते. मात्र वाटलेली बरीचशी जमीन मूळ रहिवाशांना हुसकावून मोकळी केलेली होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

१ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. केंटकी राज्य फुटून निघाले नव्हते. त्यामुळे लिंकन जेथे जन्मले त्याच मातीतील गुलामांना तो जाहीरनामा लागू झाला नाही. त्यांची कायदेशीर सुटका डिसेंबर १८६५ मध्ये झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने झाली. ती दुरुस्ती संसदेत संमत व्हावी म्हणून लिंकन यांनी आपले सारे वजन खर्चले होते. पण ती अमलात आलेली पाहायला ते राहिले नाहीत. १४ एप्रिल १८६५ रोजी नाट्यगृहात त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. केंटकीच्या रानातील त्या घरापासून निघालेली वाट अशी महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचते.

आता पुन्हा झोपडीकडे वळू. लिंकन गेल्यावर जवळजवळ तीस वर्षे जन्मस्थळाच्या शेताकडे कोणाचे लक्ष नव्हते. १८९४ मध्ये आल्फ्रेड डेनेट नावाच्या न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहमालकाने ते विकत घेतले. तेथे जुने घर नव्हते. तेव्हा त्याच्या प्रतिनिधीने शेजारच्या शेतातील एक ओंडक्यांचे घर मिळवले. लिंकन यांच्या घराचेच ओंडके त्यात वापरले आहेत, अशी त्या भागात बोलवा होती. ते ओंडके झऱ्याजवळ आणून नवी झोपडी रचण्यात आली. परंतु प्रेक्षक फिरकेनात. मग झोपडीच उलगडून प्रेक्षकांकडे नेण्यात आली. १८९७ मध्ये ती नॅशव्हिलच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि तिच्या सोबतीला आणखी एक झोपडी होती. ती होती जेफरसन डेव्हिस यांची. युद्धात लिंकन यांच्या विरुद्ध उभे राहिलेले दक्षिणेचे अध्यक्ष डेव्हिस हेही केंटकीतच, १८०८ मध्ये जन्मले होते. १९०१ मध्ये बफेलोच्या प्रदर्शनातही दोन्ही झोपड्या होत्या. या फिरतीत दोन्ही घरांचे ओंडके एकमेकांत मिसळले, असे सांगितले जाते. नंतर ते न्यूयॉर्कजवळ एका जुन्या हवेलीच्या तळघरात पडून राहिले.

१९०५ मध्ये हे शेत लिलावात निघाले तेव्हा रॉबर्ट कॉलिअर या प्रकाशकाने ते ३,६०० डॉलरना घेतले. १९०६ मध्ये त्याच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. लेखक मार्क ट्वेन हेही तिच्यात होते. संस्थेने तळघरातील ओंडके खरेदी केले आणि आगगाडीने, पहाऱ्यात, केंटकीला परत आणले. स्मारकासाठी वर्गणी मागताना तिने एक उत्तम नियम केला: कोणीही २५ सेंटपेक्षा कमी आणि २५ डॉलरपेक्षा जास्त द्यायचे नाही. एक लाखाहून अधिक लोकांनी पैसे पाठवले. त्यांत शाळकरी मुले फार होती. सुमारे साडेतीन लाख डॉलर जमले. १२ फेब्रुवारी १९०९ रोजी, जन्मशताब्दीच्या दिवशी, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कोनशिला बसवली. १९११ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्ते वास्तूचे उद्घाटन झाले. वास्तुशिल्पी होते जॉन रसेल पोप. झोपडी आत मांडल्यावर असे दिसले की भोवती फिरायला जागा पुरत नाही. इतकी मोठी वास्तू हलवता येईना, म्हणून झोपडीचे ओंडके कापून ती लहान करण्यात आली. आता ती बारा फूट रुंद आणि सतरा फूट लांब आहे.

अभ्यासकांच्या मनात शंका होतीच. १९४८ मध्ये रॉय हेज यांनी झोपडीच्या प्रवासाची कागदपत्रे तपासून, ती खरी असल्याचा पुरावा नाही, असे दाखवून दिले. २००४ मध्ये ओंडक्यांच्या वार्षिक वलयांची शास्त्रीय तपासणी झाली. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. पावसाच्या वर्षी ते रुंद, दुष्काळी वर्षी अरुंद. या क्रमावरून झाड कोणत्या साली तोडले ते कळते. स्मारकातील सर्वांत जुना ओंडकाही १८४८ पूर्वीचा नाही, असे या तपासणीत आढळले. त्या वर्षी लिंकन ३९ वर्षांचे होते आणि वॉशिंग्टनच्या संसदेत सदस्य म्हणून बसत होते.

यात फसवणूक किती आणि भाबडेपणा किती, हे वेगळे करणे कठीण आहे. डेनेट याला पैसा हवा होता, हे उघड आहे. पण २५ सेंट पाठवणाऱ्या मुलाला काय हवे होते? गरिबाचे घर मोठ्या माणसाच्या जन्माला पुरते, याची हाताने शिवता येईल अशी खूण त्याला हवी असावी. अशी भूक आपल्याकडेही आहे. लिंकन यांनी मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून जे पत्र वसंत बापट यांच्या सुंदर मराठी रूपात असंख्य शाळांच्या भिंतींवर लागले, ते लिंकन यांनी लिहिल्याचा काहीही पुरावा मिळालेला नाही. तरी ते वाचून कित्येक शिक्षक खरोखरच हेलावले आहेत.

स्मारकाची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रीय उद्यान खात्याने सत्य दडवले नाही. हे लिंकन यांचे घर नव्हे, त्याचे प्रतीक आहे, असे तेथे येणाऱ्यांना सांगितले जाते. इंडियानातील घराच्या जागी तर झोपडी रचण्याच्या भानगडीत न पडता ओंडक्यांची खालची चौकट आणि चुलीचे दगड यांचा कांस्य धातूतील साचा ठेवला आहे. जवळच नॅन्सी लिंकन यांची कबर आहे. स्प्रिंगफील्डचे काचांचे घर मात्र अस्सल आहे. लिंकन यांचे पुत्र रॉबर्ट यांनी ते १८८७ मध्ये इलिनॉय राज्याला देऊन टाकले. घर नीट राखावे आणि पाहणाऱ्यांकडून पैसे घेऊ नयेत, या अटीवर.

हॉजनव्हिलच्या टेकडीवर लिंकन यांच्या काळचे एक ओकचे झाड पुढे दीर्घकाळ उभे होते. १८०५ च्या मोजणीत हद्दीची खूण म्हणून त्याची नोंद झाली होती. थॉमस यांचा जमिनीचा वाद त्याने पाहिला आणि स्मारकाची उभारणीही पाहिली. १९७६ मध्ये ते वाळले. झरा अजून आहे. स्मारकाच्या ५६ पायऱ्या उतरून खाली आले की बाजूला आणखी काही दगडी पायऱ्या खाली खडकाच्या कपारीत जातात. तेथे थंडगार ओलाव्यात पाणी ठिबकत असते, थोडे अंतर दिसते आणि जमिनीत नाहीसे होते.